मोजणीसाहेबांचा वरचा आकडा

मोजणीसाहेबांचे दंड पाहिले की या माणसाला कधी काही होईल असं कुणाला वाटत नसे, आणि त्यांना स्वतःला तर मुळीच नाही. जमीन मोजायच्या खात्यात एकतीस वर्षं काढलेली. तिपाई खांद्यावर टाकून टेकड्या चढायच्या, ओढे उतरायचे आणि दोन भावांच्या भांडणात बांधावर मधोमध उभं राहून फीत ताणायची. शर्ट शिवायला टाकला की शिंपी बाहीचं माप दोनदा घेई आणि स्वतःशीच मान हलवी. अशा या दंडाला वार्षिक तपासणीच्या दिवशी नर्सनं पट्टी गुंडाळली, हवा भरली, सोडली आणि म्हणाली, “एकशे अठ्ठेचाळीस, चौऱ्याण्णव.”

मोजणीसाहेबांनी विचारलं, की हे यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं.

हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, संस्काराचा होता. खात्यात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी ते त्याला एकच वाक्य ऐकवत: आधी साखळी तपासा, मग जमीन मोजा. साखळी दोन बोटं लांब निघाली तर अख्खं शेत खोटं ठरतं. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की खात्यात त्यांची नक्कल करायची झाली तर नुसतं कमरेवर हात ठेवून “साखळी” एवढं म्हटलं तरी पुरे.

यंत्र परवाच तपासलं होतं. डॉक्टरीणबाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या होत्या, पण डोळ्यांत जरब होती. त्यांनी स्वतः पुन्हा मोजलं, तर दोनाचा फरक पडला. मग त्या म्हणाल्या, की आज लगेच गोळी द्यावी इतकं हे नाही, तीन आठवडे आपण साध्या उपायांनी बघू. मीठ निम्मं करा, रोज अर्धा तास झपझप चाला, दहा मिनिटं सावकाश श्वास घ्या, वेळेवर झोपा. घरी मोजायचं असेल तर आधी पाच मिनिटं गप्प बसा, आणि मोजतानाही बोलू नका. आकडा उतरला नाही तर गोळी सुरू करू, गोळी म्हणजे काही शिक्षा नाही.

मोजणीसाहेबांचं गोळीशी काही वैर नव्हतं. वैर होतं ते नमुना अकराशी.

नमुना अकरा म्हणजे क्षेत्रकामाला पाठवायच्या कर्मचाऱ्याचा तंदुरुस्तीचा दाखला. त्यातला रकाना नऊ: ‘औषधोपचार चालू आहे काय?’ इथं ‘होय’ लिहिलं की कागद वैद्यकीय मंडळाकडे जातो. मंडळात तीन डॉक्टर असतात, त्यांचं एकमेकांशी पटत नाही, त्यामुळे ते तिघं एका टेबलाशी बसण्याचा योग वर्षातून दोनदा येतो. तोवर कर्मचाऱ्यानं अभिलेख कक्षात बसायचं. आणि यंदा डोंगराकडच्या सव्वीस गावांची फेरमोजणी निघाली होती. त्यातल्याच एका टेकडीवर, नोकरीच्या पहिल्या महिन्यात, मोजणीसाहेबांनी आपल्या हातानं खुणेचा पहिला दगड रोवला होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मोजणीचा हंगाम महिन्याभरात सुरू होणार होता. त्या दगडापर्यंत जायची ही शेवटची संधी, आणि मध्ये रकाना नऊ आडवा पडलेला.

आस्थापनेतल्या हेडक्लार्कनं फॉर्म देताना सहानुभूतीनं सांगितलं, की काळजी करू नका, अभिलेख कक्षही आपलाच आहे. ही बातमी तळघरातल्या त्या कक्षात मोजणीसाहेबांच्या आधी पोचली. तिथले रेकॉर्डकीपर बारा वर्षं एकटे बसत होते. धुळीमुळे त्यांना कायम शिंका येत, आणि शिंकेनंतर “बरं आहे ना?” असं विचारायलाही जवळ कुणी नसे. त्यांनी त्याच दिवशी एक खुर्ची पुसली, तिच्यावर उशी ठेवली आणि भिंतीत साहेबांच्या टोपीसाठी एक खुंटी ठोकली. दुष्ट माणूस परवडला, त्याच्यावर निदान चिडता तरी येतं.

घरी तीन बायका होत्या. एक बायको, एक लेक आणि एक नात. जावई जहाजावर असल्यामुळे लेक चार वर्षांच्या पोरीला घेऊन सहा महिने माहेरी आली होती. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की एका घरात दोन स्वयंपाक होणार नाहीत. आजपासून सगळ्यांचंच मीठ निम्मं.

पहिल्या दिवशी उकडलेले बटाटे होते. चौघं जेवली. घरात नुकतीच कुणाची बदली झाली असावी तशी शांतता होती. मोजणीसाहेबांनी मीठ अंदाजानं घेऊ दिलं नाही. पत्रं तोलायचा जुना काटा काढून रोजचं मीठ सकाळी तोलून एका वाटीत ठेवायचे, आणि दिवसभर त्या वाटीकडे पहारेकऱ्यासारखं बघायचे. वाटीतलं मीठ संध्याकाळी उरायचंसुद्धा. त्यांना घरच्यांच्या निग्रहाचं इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी ते ऑफिसात चारचौघांत बोलून दाखवलं.

पाचव्या दिवशी जेवताना नात म्हणाली, “आजी शिलाई मशीनमधलं मीठ खाते.”

सगळ्यांचे हात थांबले. लहान पोरांना राजकारण नसतं, त्यामुळे तिनं लगेच पुढचंही सांगून टाकलं, की आईचं मीठ माझ्या क्लिपांच्या डबीत आहे. मशीनच्या खणातून दोऱ्याच्या रिळांमागून एक पुडी निघाली. क्लिपांच्या डबीतून दुसरी. मोजणीसाहेबांनी दुखावलेल्या आवाजात विश्वासघात या विषयावर बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात बायकोनं शांतपणे विचारलं, “अहो, आणि तुमच्या पानात ते काय आहे?”

पानात लोणचं होतं. मोजणीसाहेबांचं म्हणणं असं, की लोणचं हा आंबट पदार्थ आहे, डॉक्टरीणबाईंच्या यादीत आंबटाचा उल्लेख नाही.

“लोणचं मुरायला काय साखर घालतात?” बायको म्हणाली.

चौकशीची चक्रं अशी एकदा फिरली की कुठे थांबतील याचा नेम नसतो. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे रोज संध्याकाळी उभ्या उभ्या खारे दाणे खाल्ले जातात, हेही उघडकीला आलं. ‘दाणे’ हे कडधान्यात मोडतात, हा बचाव फेटाळण्यात आला. लोणच्याची बरणी त्याच संध्याकाळी घराबाहेर काढायची ठरली. फेकायचा मात्र जीव होईना, म्हणून ती वरच्या मजल्यावर रिटायर्ड पोस्टमास्तरांकडे गेली, आणि तिच्या बदल्यात पोस्टमास्तर स्वतः खाली आले, हातात रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन.

हे यंत्र त्यांनी बायकोसाठी घेतलेलं. त्यांची बायको म्हणजे तोळामासा प्रकृती. वारा सुटला की गच्चीवर एकटीला जाऊ नको म्हणून सांगावं लागे. “तुमच्याकडेच ठेवा तीन आठवडे,” पोस्टमास्तर म्हणाले. एकतीस वर्षं खात्याची प्रत्येक साखळी संशयानं बघणाऱ्या मोजणीसाहेबांनी हे यंत्र मात्र निमूटपणे घेतलं. शेजाऱ्याच्या वस्तूवर शंका घेणं बरं दिसत नाही. पट्टी दंडावर बसवताना जरा ओढाताण झाली, पण ओढाताण तर बुटांशीही होते.

आता फक्त पाच मिनिटं गप्प बसायचं होतं.

माणसाला मीठ सोडता येतं, दाणे सोडता येतात, प्रसंगी झोपेची वेळही पाळता येते; पण भरल्या घरात पाच मिनिटं सलग शांतता ही गोष्ट कुठल्या दुकानात मिळत नाही. पहिल्या मिनिटाला फोन वाजला. दुसऱ्या मिनिटाला कुकरनं शिट्टी दिली, आणि ही दुसरी की तिसरी, यावर मायलेकींत स्वयंपाकघरात मतभेद झाले. तिसऱ्या मिनिटाला पोस्टमास्तरांनी विचारलं, की आता शांत वाटतंय का. यंत्र त्यांचं असल्यामुळे मोजताना हजर राहणं ते कर्तव्य समजत. मोजणीसाहेबांनी डोळ्यांनीच हो म्हटलं. पोस्टमास्तर म्हणाले, बोलू नका. मग ते स्वतः बोलू लागले. एका तार वाटणाऱ्याचं प्रेशर नुसतं हसून कसं उतरलं होतं याची हकीकत होती, आणि ती लांब होती.

“एकशे अठ्ठावन्न,” हकीकतीच्या शेवटी पोस्टमास्तर म्हणाले. ते आयुष्यभर खिडकीपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत आलेले, त्यामुळे आकडा जिन्यानं तीन मजले वर गेला आणि फाटकापर्यंत खालीही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्यानं शर्ट परत देताना आवाज खाली आणून विचारलं, की आज किती आहे.

चालण्याचं मात्र नीट जमेल अशी मोजणीसाहेबांना खात्री होती. चालणं हा त्यांचा धंदा. त्यांचं पाऊल पाऊण मीटरचं, ना कमी ना जास्त. अडचण एवढीच होती, की त्यांना उगाच चालता येत नसे. सकाळी सहाला ते घराबाहेर पडत, नाकासमोर सरळ रेषेत झपझप जात, शंभर पावलं झाली की थांबत, खिशातली मोजणीवही काढून वेळ टिपत, एक डोळा मिटून मागे बघत, रेषा वाकडी तर गेली नाही ना, आणि पुढे निघत. तिसऱ्या दिवशी परतीचं ठिकाण विसरू नये म्हणून त्यांनी खडूनं भिंतीवर खूण केली. खूण खात्याचीच: वर्तुळात फुली. एकतीस वर्षांत हाताला दुसरी खूण येतच नव्हती. मग दर शंभर पावलांवर एक केली. वाण्याच्या फळीवर एक पडली, शिंप्याच्या पायरीवर एक, बेकरीच्या पुढे आलेल्या ओट्यावर एक.

मोजणी खात्यातला अधिकारी रोज पहाटे वही घेऊन रस्त्यानं फिरतो, पावलं मोजतो, एक डोळा मिटून घरांकडे बघतो आणि बाहेर आलेल्या प्रत्येक गोष्टीवर फुली मारतो. यावरून शहाण्या माणसानं काय समजायचं? गल्लीनं तेच समजून घेतलं. रस्ता रुंद होणार.

वाण्यानं आपली फळी त्या रविवारीच दीड हात मागे घेतली. शिंप्यानं पायरी फोडली. बेकरीवाल्यानं ओट्याला अगोदर नवा रंग दिला, म्हणजे जुना आहे असं दिसू नये, मग कुणीतरी सांगितलं की जुना असलेलाच बरा, तेव्हा तो रंग खरवडला, आणि शेवटी वैतागून ओटाच पाडला. मोजणीसाहेबांना एवढंच दिसलं, की चालायला हल्ली जागा बरी मिळते. मग मागोमाग माणसंही मिळू लागली. कुणी बरोबरीनं चार पावलं टाकत म्हणे, साहेब, आमच्या वडिलांच्या वेळचं कुंपण आहे. कुणी म्हणे, समोरच्याचं आधी बघा. झपझप चालताना बोलू नये असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या, पण ते जमतही नव्हतं.

एके संध्याकाळी शिष्टमंडळ घरी आलं. पुढे वाणी, मागे बाकीचे. मोजणीसाहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “हे बघा, मी प्रेशरसाठी चालतोय.”

वाण्यानं बाकीच्यांकडे सूचक नजर टाकली. “समजलं, साहेब. वरून प्रेशर आहे. आम्ही कुठे बोलणार नाही.”

मग त्यानं पिशवीतून खाऱ्या दाण्यांचा एक अख्खा डबा काढून टेबलावर ठेवला. मोजणीसाहेबांनी डब्याकडे बघितलं. बारा दिवसांत दाणा तोंडात गेला नव्हता. झाकण जरा सैल होतं आणि वास बाहेर येत होता. त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलला, क्षणभर छातीशी धरला आणि परत केला. “मी हे सोडलंय,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

शिष्टमंडळ खाली मान घालून पायऱ्या उतरलं. जो माणूस साधे दाणे घेत नाही, तो घरं काय सोडणार! दुसऱ्या दिवशी वाण्यानं फळी आणखी एक हात मागे नेली, आणि कुणीतरी खात्याला पत्र टाकलं.

या सगळ्या धामधुमीत एक उपाय तेवढा बिनबोभाट चालला होता. रोज जेवणाआधी मोजणीसाहेब सतरंजीवर आडवे होत आणि सावकाश श्वास घेऊ पाहत. पहिल्या दिवशी त्यांनी हातातलं घड्याळ समोर धरलं होतं; श्वास चार सेकंदांत आत, सहा सेकंदांत बाहेर. घड्याळ बघता बघता धापच लागली. नात शेजारी बसून बघत होती. ती उठली, न्हाणीघरात गेली आणि आपलं पिवळं बदक घेऊन आली. ते तिनं आजोबांच्या पोटावर ठेवलं.

“आजोबा, हे तळं आहे. बदक पडलं नाही पाहिजे.”

बदक वर गेलं, खाली आलं. वर जाताना जरा डुललं. नात म्हणाली, “हळू. त्याला झोप येतेय.” तिला आकडे चारापर्यंतच नीट येत, त्यामुळे वर जाताना ती चारापर्यंत मोजी आणि खाली येताना नुसतीच “आणि, आणि, आणि” म्हणे, बदक पूर्ण खाली येईपर्यंत. यात अचूकपणा काही नव्हता. एक ‘आणि’ दुसऱ्या ‘आणि’एवढा नसे. पण मोजणीसाहेबांनी या एका ठिकाणी हरकत घेतली नाही. सगळ्या घरात, सगळ्या इमारतीत, सगळ्या गल्लीत ती एकटीच अशी होती जिनं त्यांना आज किती आहे असं विचारलं नव्हतं. बदक झोपलं की ती खालच्या आवाजात तसं जाहीर करी, आणि बऱ्याचदा बदकाबरोबर आजोबाही झोपलेले असत. मग लेक येऊन दार हलकेच ओढून घेई आणि त्या दहा मिनिटांपुरती कुकरखालचा गॅस बंद करी. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि तरी यंत्र काही ऐकेना. दर रविवारी मोजायचं, दर रविवारी वर. एकशे अठ्ठावन्न, एकशे चोपन्न, आणि तिसऱ्या आठवड्यात एकशे साठ. पँटचा पट्टा एक भोक आत गेला होता, जिना चढताना दम लागत नव्हता, झोप गाढ लागत होती, आणि आकडा तिथल्या तिथे. पोस्टमास्तर जिन्यात म्हणाले, की काही रक्तं हट्टीच असतात.

तपासणीच्या आदल्या दिवशी ऑफिसात हेडक्लार्कनं पाकीट हातात ठेवलं. कारणे दाखवा नोटीस होती. कोणाच्या आदेशानं सदर रस्त्याची मोजणी केलीत, खुणा का केल्यात, याचा खुलासा आजच्या आज सादर करावा. मोजणीसाहेबांनी एकतीस वर्षांत दुसऱ्यांना अशा नोटिसांची उत्तरं लिहून दिली होती. स्वतःला कधी आली नव्हती. त्यांनी दुपारच्या सुट्टीपर्यंत नऊ पानांचा खुलासा लिहिला. परिशिष्ट एक, मिठाचा तक्ता, परिशिष्ट दोन, पावलांचा आलेख. तो घेऊन ते घरी जेवायला आले आणि लेकीपुढे ठेवला. तिनं एका हातानं पोरीला भरवत तो सगळा वाचला. मग कोरा कागद घेऊन त्यावर एकच ओळ लिहिली आणि म्हणाली, “बाबा, खाली सही करा.”

ओळ अशी होती: मी रस्ता मोजत नव्हतो, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार स्वतःला मोजत होतो.

मोजणीसाहेबांना हे फार तोकडं वाटलं. पण सही त्यांनी केली.

खुलासा वर गेला. निकाल येईपर्यंत करायला काही नव्हतं, म्हणून ते तळघरात उतरले. रेकॉर्डकीपर त्यांना बघून इतके गडबडले, की शिंकसुद्धा अर्ध्यावर राहिली. त्यांनी खुर्चीवरची उशी पुन्हा झटकली. “बसून तर बघा, साहेब. मऊ आहे.”

मोजणीसाहेब बसले. खुर्ची खरोखर मऊ होती. हेच वाईट होतं. खिडकी रस्त्याच्या पातळीला होती, तिच्यातून जाणाऱ्यायेणाऱ्यांचे नुसते बूट दिसत. ते नकळत पावलं मोजू लागले. हा साठ सेंटिमीटरचा. ही बाई घाईत आहे. टेकडीवर आता गवत वाळलं असेल. दगड अजून जागेवर असेल का, की कुणी चुलीला नेला?

“बारा वर्षांत इथं मुद्दाम कुणी आलं नाही,” रेकॉर्डकीपर म्हणाले. “सगळे कागद टाकून पळतात.”

मोजणीसाहेबांनी टोपी काढली. ठेवावी की नको, असा थोडा विचार केला आणि त्या नव्या खुंटीला अडकवली. माणसाचं मन मोडवत नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ते एकटेच जाणार होते. गेले पाच जण: ते, बायको, लेक, नात, आणि यंत्र छातीशी धरून पोस्टमास्तर. बाकड्यावर बसल्या बसल्या बायकोनं सांगितलं की घाबरू नका, लेकीनं सांगितलं की आई, त्यांना घाबरू नका असं सांगू नकोस, आणि पोस्टमास्तरांनी तार वाटणाऱ्याची हकीकत सोडली होती तिथून उचलली. आत गेल्याबरोबर नर्सनं मोजलं. एकशे बावन्न.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसला होतात का. यावर चौघंही एकदम बोलू लागली.

“सगळे बाहेर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सगळे बाहेर गेले. नात राहिली, कारण तिनं आजोबांची करंगळी धरली होती आणि ती सुटण्यासारखी नव्हती. नर्सनं साहेबांची पाठ खुर्चीला टेकवली, पाय जमिनीवर सरळ ठेवले, हात टेबलावर ठेवला आणि तीही खिडकीशी जाऊन उभी राहिली. खोलीत काही हलेना. मोजणीसाहेबांच्या डोळ्यांपुढे खुर्ची आली, खुंटी आली, रकाना नऊ आला. छातीत धडधड सुरू झाली. तेवढ्यात मांडीवर काहीतरी हलकं येऊन बसलं. बदक होतं, फ्रॉकच्या खिशातून आलेलं. नात ओठांतल्या ओठांत मोजत होती, आवाज न करता. चार. मग आणि, आणि, आणि.

भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी बघितलंच नाही.

“बदक झोपलं,” नात कुजबुजली.

पट्टी फुगली, सैल झाली. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, एक मिनिट थांबून पुन्हा मोजलं आणि मगच सांगितलं. “एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. दुसऱ्यांदा एकशे सव्वीस.”

“यंत्र तपासलंय ना?” मोजणीसाहेब म्हणाले. आनंदाच्या वेळीही माणूस संस्कार सोडत नाही.

मग प्रश्न उरला तो घरच्या आकड्यांचा. पोस्टमास्तर अभिमानानं यंत्र घेऊन आत आले. नर्सनं त्यातली पट्टी साहेबांच्या दंडाला लावली, ओढली, पुन्हा ओढली, आणि तिला हसू आवरेना. पट्टीवर एक बाण होता, तो जिथं पोचायला हवा होता तिथून चार बोटं अलीकडेच थांबला होता. ही पट्टी बारीक दंडाची, ती म्हणाली, अशा दंडाला एवढीशी पट्टी आवळली तर आकडा वरच दाखवणार. त्यात बोलणं, गडबड. यांचं प्रेशर केव्हाच उतरायला लागलं असेल, तुम्हाला दिसत नव्हतं एवढंच.

दारात उभ्या असलेल्या बायकोला एकतीस वर्षांत अशी संधी आली नव्हती. तिनं एवढंच विचारलं.

“अहो, साखळी कुणी तपासायची होती?”

मोजणीसाहेबांनी बदक उचलून नातीच्या खिशात ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी दाखल्यावर सही करताना बजावलं, की आकडा उतरला म्हणून पुन्हा दाण्यांवर तुटून पडू नका, महिन्याभरानं दाखवायला या, आणि कधी वाढलाच तर गोळी घ्यायची, तेव्हा माझ्याशी रकान्यांवरून हुज्जत घालायची नाही. मोजणीसाहेबांनी सगळं कबूल केलं. दाखला घेऊन ते थेट ऑफिसात गेले, आणि तिथून पंधरा मिनिटांत परत दवाखान्यात आले, कारण हेडक्लार्कचं म्हणणं, रकाना नऊ कोरा सोडता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी त्यात ‘निरंक’ लिहिलं. या एका शब्दासाठी जिने चढून उतरूनही त्यांना दम लागला नाही.

त्याच दिवशी खुलाशाचा कागदही वरून खाली आला. साहेबांच्या साहेबांनी त्यावर शेरा मारला होता: ‘स्वतःची मोजणी करण्यास पूर्वपरवानगीची आवश्यकता नाही. दप्तरी दाखल.’ दप्तर म्हणजे अभिलेख कक्ष, तेव्हा कागद घेऊन मोजणीसाहेब स्वतः खाली गेले. रेकॉर्डकीपरनी तो वाचला, नोंदला आणि खुंटीवरची टोपी काढून त्यांच्या हातात दिली. खुर्चीकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. मोजणीसाहेबांनी टोपी घातली, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. म्हणाले, की दर शनिवारी मोजणीवह्या जमा करायला येईन, तेव्हा पाच मिनिटं बसत जाईन; अख्ख्या गावात एवढी शांत जागा दुसरी नाही, खुंटी राहू द्या. रेकॉर्डकीपरना काहीतरी म्हणायचं होतं, पण शिंक आली. “बरं आहे ना?” मोजणीसाहेबांनी विचारलं.

गल्ली त्यानंतर रुंदच राहिली. वाण्याला खरं कळलं तेव्हा फळी पुढे आणायला तो निघाला होता, पण तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की मोकळ्या जागेत गिऱ्हाईक जास्त वेळ उभं राहतं. लोणच्याची बरणी वरच्या मजल्यावरून परत आली नाही. ती मागावी असं मोजणीसाहेबांच्या दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा बायकोच्या ते त्यांच्या तोंडावरूनच लक्षात आलं.

हंगाम सुरू झाला. निघायच्या दिवशी नातीनं बदक त्यांच्या पिशवीत घातलं, ते मात्र अटींवर: शनिवारी परत आणायचं, उन्हात ठेवायचं नाही आणि ओढ्यात एकट्याला सोडायचं नाही.

तिसऱ्या दिवशी ते त्या टेकडीवर पोचले. गवत वाळलं होतं. दगड जागेवर होता, थोडा कलला होता इतकंच, आणि त्यावर वर्तुळात फुली, तिशीही न गाठलेल्या एका माणसानं फार जोर लावून कोरलेली. मोजणीसाहेबांनी आधी साखळी तपासली. दोनदा. मग काम सुरू केलं. दुपारी डबे खाऊन झाल्यावर ते दगडाशेजारच्या झाडाखाली आडवे झाले, पिशवीतून पिवळं बदक काढलं आणि पोटावर ठेवलं. साखळी धरणारी दोन माणसं हे बघून एकमेकांकडे वळली. त्यांतला एक काहीतरी विचारणार होता. दुसऱ्यानं त्याच्या कोपराला धरलं. मग दोघंही तिथेच गवतावर बसून राहिले आणि पाच मिनिटं कुणी बोललं नाही.

त्या दिवशीच्या मोजणीवहीत अंतरं आहेत, कोन आहेत, उंची आहे. आणि शेऱ्याच्या रकान्यात, नेहमीच्या टोकदार अक्षरात, अंतरांशी काही संबंध नसलेली एक नोंद आहे: दुपारी बदक झोपलं.